बाईंना मुलं आवडत नसत

मुलाखतीला जाताना मी एकच वाक्य पाठ करून गेले होते. ‘मला मुलं खूप आवडतात.’ ते मी पहिल्याच मिनिटाला म्हणून टाकलं. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी समाधानानं मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कोपऱ्यात घडीच्या स्टुलावर साठीच्या एक बुटक्या, सावळ्या बाई बसल्या होत्या. इतका वेळ त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, “मग कठीण आहे.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“ज्याले पोट्टे आवडतेत, त्याले दोन-तीनच आवडतेत. मंग बाकीच्याइकडे कोण पाह्यते?”

मॅडम हसल्या. बाईंचा स्वभाव जरा गमतीशीर आहे, असं त्यांनी मला समजावलं. पुढच्या काळात मी बाईंना गंमत करताना एकदाही पाहिलं नाही. त्यांना मुलं आवडत नसत. हे त्या कुणालाही सांगत, आणि मुलाला दाखल करायला आलेल्या आईबापांना तर न चुकता सांगत.

रायपूर राजधानी होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. एक रायपूर पुरेना म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरवर आणखी एक रायपूर बांधलं होतं आणि मंत्रालय नुकतंच तिकडे गेलं होतं. भोपाळहून, दिल्लीहून माणसं येत होती. नवरा एका खात्यात, बायको दुसऱ्या, आणि आजी-आजोबा मागे राहिलेले. शाळा दोनला सुटे, ऑफिस सहाला, तेही कागदावर. मधल्या वेळात पोरांचं काय करायचं, हे राजधानीच्या आराखड्यात कुणी लिहिलं नव्हतं. ते मॅडमनी हेरलं आणि शंकरनगरात एक बंगला भाड्यानं घेऊन मुलांना शाळेनंतर सांभाळण्याचं केंद्र काढलं. नाव इंग्रजी होतं आणि त्यात ‘लिटल’ हा शब्द होता.

मॅडम पुण्याच्या. त्यांचे यजमान इथल्या एका संस्थेत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्यासारखं मराठी आमच्या बूढापाऱ्यातल्या घरात फक्त रेडिओवर ऐकू येई. मी बोलण्याच्या ओघात “करून राहिली ना” म्हटलं की त्या तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावत आणि यजमानांनाही ऐकवत. मी आपली आनंदानं म्हणून दाखवी. नोकरी नवी होती.

घरी मात्र या नोकरीचं फारसं कौतुक नव्हतं. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांचा प्रश्न एकच, “पोट्टे सांभाळाले डिग्री लागते काय?” माझी होम सायन्सची पदवी होती आणि सरकारी परीक्षेचा निकाल दोन वर्षांपासून लागायचा होता. आई शेजारणींना सांगे की पोरगी ऑफिसात जाते. केंद्रात एक टेबल होतं, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

प्रशिक्षण तीन दिवसांचं झालं. मॅडमनी भिंतीवर पडदा लावून चित्रं दाखवली. मुलाच्या मेंदूत कुठे काय असतं ते मला कळलं. रडणाऱ्या मुलाशी गुडघ्यांवर बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बोलायचं, ‘नाही’ हा शब्द वापरायचा नाही, निरोपाच्या वेळी पालकांना काहीतरी गोड सांगायचं. शेवटी प्लास्टिकच्या वेष्टनातलं प्रमाणपत्र मिळालं. चौथ्या दिवशी मॅडमनी मला बाईंच्या हवाली केलं आणि सांगितलं, आता प्रत्यक्ष काम शिका.

बाईंनी माझ्या हातातली फाइल पाहिली. तीत मी महिनाभराचे खेळ आखून आणले होते. फाइल त्यांनी कपाटावर ठेवली, स्वतःचं स्टूल भिंतीशी टेकवलं आणि म्हणाल्या, “बस.”

“काय करू?”

“काही नको करू. खेळू नको, बोलू नको, हसू नको. नुसती पाह्य.”

सात दिवस मी त्या स्टुलावर बसून काढले. पाच ते दहा वयाची बावीस मुलं माझ्यासमोर भांडत होती, जेवत होती, एकमेकांच्या बुटात पाणी ओतत होती, आणि होम सायन्सची पदवीधर बघत बसली होती. संध्याकाळी शेवटचं मूल गेलं की बाई रोज तेच तीन प्रश्न विचारत. कोण जेवलं नाही? कोण मोरीकडे गेलं नाही? कोणाशी आज कोणीच बोललं नाही?

पहिल्या दिवशी मला एकाचंही उत्तर आलं नाही. मी म्हणाले, “पण बाई, त्या दोघांनी किती छान किल्ला केला, आणि तो गोरा मुलगा—”

“जे झालं ते आंधळ्यालेही दिसते,” बाई म्हणाल्या. “नाही झालं ते पाह्याचा पगार भेटते तुले.”

हे त्यांना कुणी शिकवलं होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वर्ध्याकडून लग्न होऊन आल्या होत्या आणि तीस वर्षं एका शाळेत आया होत्या, इतकंच मला माहीत होतं. स्वतःची मुलं होती का, नवरा कधी गेला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगायचं कारण नव्हतं. मनगटावर पुरुषी घड्याळ, नोव्हेंबर लागला की बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर, आणि घरून आणलेला चहाचा थर्मास. तो चहा त्यांनी कधी कुणाला विचारला नाही. कुणी आपला विचारला तर म्हणत, “माझा आहे.”

‘बाई’ या शब्दावरून केंद्रात कायम घोळ होई. रायपुरात अनोळखी बाईमाणूस दीदी असते, नाहीतर आंटी. बाई म्हटलं की लोकांना धुणंभांडं करणारी आठवते. चकचकीत गाडीतून उतरलेल्या मम्म्यांना आपला मुलगा ‘बाई, बाई’ करत धावतो हे बघवत नसे. मॅडमनी ‘ग्रॅनी’ सुचवून पाहिलं. “मी कोणाची आजी नाही,” बाई म्हणाल्या. “शाळेत बाईच म्हणतेत. सोपं आहे.” एकदा एक नवी आई दारातल्या ओल्या फरशीकडे बघून बाईंनाच म्हणाली, “बाई, ज़रा पोंछा लगा दो.” बाईंनी पोछा आणला आणि फरशी पुसली, कारण फरशी ओली होती आणि कुणीतरी पडलं असतं. मग त्या आईनं विचारलं, “और वो सीनियर टीचर कहाँ हैं, जिनसे मिलना था?” बाईंनी पोछा पिळत सांगितलं, “बोलो ना. वही हूँ.”

निरोपाच्या वेळची चिठ्ठी हे मॅडमचं लाडकं काम होतं. रोज प्रत्येक मुलासोबत एक छापील कागद घरी जाई. वर हसरा चेहरा आणि खाली ‘आजचा आनंदाचा क्षण’ म्हणून रिकामी ओळ. मी त्या ओळीत सुरेख अक्षरात लिही, ‘आज त्यानं आपली खेळणी मित्रांना दिली.’ खरं म्हणजे मित्रांनी ती हिसकावलेली असत. बाईंच्या चिठ्ठ्या वेगळ्या असत. ‘आज दोघाले चावला. दुसऱ्यानं केस ओढले होते, ते चालते. पहिल्यानं काही केलं नव्हतं.’ किंवा नुसतंच, ‘जेवली नाही. खोटं बोलली. झोपली. बाकी ठीक.’ पालक मॅडमकडे तक्रार करत, मॅडम बाईंना सकारात्मक भाषेचं महत्त्व सांगत, आणि बाई दुसऱ्या दिवशी लिहीत, ‘आज एकालेच चावला.’

सिलतऱ्याच्या एका कारखान्यात मॅनेजर असलेले एक बाप होते. रोज फोनवर बोलतच आत येत आणि बोलतच मुलाला घेऊन जात. एका संध्याकाळी चिठ्ठी वाचून वैतागले आणि फोन कानाला तसाच ठेवून म्हणाले, “और कुछ शिकायत है?”

“हाँ,” बाई म्हणाल्या. “आपका फोन बंद होने तक वो चप्पल नहीं पहनता. रोज़. ढूँढता नहीं, पहनता नहीं. आपको लगता होगा, पोट्टा सुस्त है.”

त्या गृहस्थांनी मॅडमना रागानं लांबलचक निरोप पाठवला. मात्र दुसऱ्या दिवसापासून फोन खिशात ठेवून येऊ लागले. मुलगा दारात चप्पल घालून उभा असे. मॅडमनी हे केंद्राच्या यशोगाथांमध्ये घातलं, अर्थात बाईंना वगळून.

तीनेक महिन्यांत मी बऱ्यापैकी तयार झाले, असा माझा समज झाला होता. बाईंचे तीन प्रश्न आले की माझी उत्तरं तयार असत. अशाच एका संध्याकाळी मी सगळं घडाघडा सांगितल्यावर बाई म्हणाल्या, “आणि सौम्या?”

सौम्या आठ वर्षांची. आई मंत्रालयात कुठल्याशा खात्यात अधिकारी, वडिलांची बदली दिल्लीला. रोज सहा-दहाला ऑफिसची गाडी येई, ड्रायव्हर वहीवर सही करी आणि ती शांतपणे जाऊन बसे. ही मुलगी जेवे, डबा धुई, लहानांचे बूट बांधून देई. मी तिच्या चिठ्ठीवर दोन महिने सलग ‘समजूतदार’ असंच लिहीत होते.

“सौम्याचं सगळं झालं,” मी म्हणाले.

“साडेपाच वाजले की एकूणएक पोट्टे दाराकडे पाह्यतेत. ती काहून नाही पाहत?”

“समजूतदार आहे, बाई.”

“आठ वर्साचं पोर समजूतदार असलं की मले भेव वाटते,” बाई म्हणाल्या आणि थर्मासचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम कामासाठी भोपाळला गेल्या होत्या. मी दुपारी मुलांकडून हाताचे ठसे काढून घेतले. बावीस मुलांचे तळवे निळ्या-पिवळ्या रंगात बुडवून कागदावर दाबले आणि त्याचं तोरण करून भिंतीवर टांगलं. मला ते फार सुंदर वाटलं. बाकीची सगळी मुलं गेल्यावर बाईंनी सौम्याला जवळ बोलावलं, तिचा उजवा हात उलटा केला आणि रंग पुसला. अंगठ्याच्या खाली भाजल्याचा गोल डाग होता. दोन-तीन दिवसांचा असावा. तो हात मी स्वतः धरून रंगात बुडवला होता.

“ये क्या हुआ?” बाईंनी विचारलं.

“नूडल्स का पानी गिर गया.”

“घर में कौन रहता है शाम को?”

“आंटी.”

“आंटी का नाम क्या?”

सौम्या थांबली. “आंटी,” ती म्हणाली.

“नूडल्स कौन बनाता है?”

“मैं. आंटी को नहीं आता.”

तेवढ्यात गाडी आली. ड्रायव्हर आरंगकडचा एक साधा माणूस होता. बाईंनी त्याला विचारलं, वरपर्यंत सोडतोस का? “नीचे गेट तक छोड़ता हूँ, मैडम. फिर दफ़्तर के साहब को लेने लौटना रहता है.” वर आंटी पाहिली आहेस का? तो घुटमळला. “देखा तो नहीं.” बाईंनी पिशवी उचलली, दिवे बंद केले आणि त्याला म्हणाल्या, “हम भी चलते हैं. चलेगा?” तो म्हणाला, “हव.” त्याला सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं. मग बाई माझ्याकडे वळल्या. “तू पण चाल. शिकायचं आहे ना तुले?”

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते मॅडमचं नियमांचं पुस्तक. पालकांच्या घरी जाऊ नये, अशी ओळ त्यात ठळक अक्षरात होती. तरी मी गेले, कारण बाईंना नाही म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

नवं रायपूर मी तोपर्यंत फक्त होर्डिंगवर पाहिलं होतं. होर्डिंगवर माणसं जास्त होती. रुंद रस्ते, दुभाजकावर ओळीनं दिवे आणि त्या उजेडात चालणारं कुणी नाही. इमारत आठ मजल्यांची, आणि कपडे वाळत होते फक्त तीन बाल्कन्यांत. गेटवर खुर्ची होती, चौकीदार नव्हता. सौम्या लिफ्टकडे न जाता जिन्याकडे वळली.

“लिफ्ट बंद है?” मी विचारलं.

“चालू है. एक बार रुक गई थी. मैंने आवाज़ दी, कोई आया नहीं. फिर अपने आप चल गई.” हे तिनं शाळेत काय शिकवलं ते सांगावं तितक्या सहज सांगितलं.

चौथ्या मजल्यावर तिनं फ्रॉकच्या आतून दोरीला बांधलेली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. आत गेल्यावर एकेका खोलीत जाऊन सगळे दिवे लावले. टीव्ही मोठ्यानं सुरू केला. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत आणून दाराला टेकवली. “आवाज़ बाहर जाती है तो लगता है, पापा हैं,” तिनं आम्हाला समजावलं. मग आपल्याकडे पाहुणे आल्याचं तिच्या लक्षात आलं असावं. तिनं सोफ्यावरची पुस्तकं उचलली, आम्हाला बसवलं आणि ट्रेमधून दोन पेले पाणी आणलं. एका बशीत चार बिस्किटं. त्यातली दोन तुटलेली होती, ती तिनं आपल्या बाजूला वळवून ठेवली.

बाईंनी पाणी पूर्ण प्यायलं आणि एक बिस्किट खाल्लं. म्हणाल्या, “अच्छा किया.” तीन महिन्यांत कुणाचं कौतुक करताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, की या मुलीला मी किती संध्याकाळी हात हलवून निरोप दिला.

आई सव्वाआठला आली. बाईंनी खुर्ची बाजूला करून दार उघडलं. तिचा आपल्याच घरात आपल्याला कुणीतरी आत घेतंय यावर विश्वास बसेना.

“आप लोग? किसने आने दिया अंदर?”

“मम्मा, मैंने पानी दिया है,” सौम्या घाईनं म्हणाली.

“ये क्या तरीका है? मैं आपकी मैडम से बात करूँगी.”

“करो,” बाई म्हणाल्या. “पहले बेटी का हाथ देखो.”

तिनं हात पाहिला. मग दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर बसली आणि सँडलचा पट्टा काढू लागली. तो निघेना. मला वाटलं आता बाई तिला खास आपल्या पद्धतीनं सुनावणार, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायचं होतं. दुसऱ्या कुणाची तरी चूक ठरली असती तर मला बरं वाटलं असतं.

“तीन औरतें रखीं,” ती पट्ट्याकडेच बघत म्हणाली. “इतनी दूर कोई टिकती नहीं. मीटिंग छह बजे शुरू होती है. आपका सेंटर छह बजे बंद. मैं क्या करूँ, बताइए.”

बाई म्हणाल्या, “ये बात सही है. छह बजे बंद करना ग़लत है. हमारी ग़लती है.”

सौम्याची आई वर बघायला लागली. तक्रार इतक्या सरळ मान्य झालेली मंत्रालयात तिनं पाहिली नसावी.

“कल से मेरे घर,” बाई म्हणाल्या. “पुरानी बस्ती. जब छूटोगी तब ले जाना, आठ बजे, नौ बजे.”

“आपका घर...” तिनं वाक्य पुरं केलं नाही.

“आके देखो. पसंद नहीं आया तो मत रखो.”

आईला सोडून शहराकडे निघालेल्या ऑफिसच्या गाडीत मी बाईंना विचारलं, मॅडमना काय सांगायचं? बाईंना झोप लागली होती. निदान डोळे मिटलेले होते.

सौम्याच्या आईनं तक्रार केली नाही. तिनं फक्त सौम्याचं नाव काढून घेतलं आणि खरं कारण लिहून दिलं, की बाईंनी घरी येऊन सगळं पाहिलं आणि मुलगी आता त्यांच्याकडे राहील. भोपाळहून परतलेल्या मॅडमना त्यात दोनच गोष्टी दिसल्या. कर्मचारी पालकाच्या घरी गेले, आणि कर्मचाऱ्यानं केंद्राचं मूल पळवलं. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, पाणी विचारलं आणि झालेला प्रकार लिहून द्यायला सांगितलं.

मी लिहिलं. ‘वरिष्ठ सहकाऱ्यांच्या सूचनेनुसार मी त्यांच्यासोबत गेले. नियमांची मला कल्पना होती. परंतु मी प्रशिक्षणार्थी असल्याने निर्णय माझा नव्हता.’ त्यात एक शब्दही खोटा नव्हता. भाजलेल्या हाताबद्दल मी लिहिलं नाही, कारण मॅडमनी ते विचारलं नव्हतं. आणि तो हात मी रंगात बुडवला होता.

मॅडमनी ते बाईंसमोर मोठ्यानं वाचलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चांगलं लिहिलं. मले नसतं जमलं.” त्यांनी स्टुलाची घडी घातली, थर्मास पिशवीत टाकला आणि चार वाजता, मुलं ऐन खेळात असताना, निघून गेल्या. मुलं दाराकडे बघत राहिली. मी त्यांना सांगितलं की बाई उद्या येतील. मला ‘नाही’ हा शब्द वापरायची मनाई होती.

पुढच्याच आठवड्यात मला बढती मिळाली. मी ‘सीनियर केअरगिव्हर’ झाले आणि छातीवर तसा बिल्ला आला. आईनं तो शेजारणींना दाखवला. दोन नव्या मुली लागल्या आणि त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी पडद्यावर मेंदू दाखवला. गुडघ्यांवर बसून दाखवलं. माझे धडे लोकप्रिय होते, कारण त्यात कुणालाही सात दिवस गप्प बसावं लागत नसे.

असे चार महिने गेले. एका संध्याकाळी त्या नव्या मुलींपैकी एक माझ्याजवळ आली. सहा वर्षांच्या एका मुलाकडे बोट दाखवून तिनं विचारलं, “दीदी, ये बच्चा किसी से बात ही नहीं करता. क्यों?”

मी रजिस्टरमध्ये सह्या करत होते. मान वर न करता म्हणाले, “समझदार है.”

माझा आवाज माझ्याच कानांवर पडला. मी पेन ठेवलं. त्या मुलाजवळ जाऊन बसले, पण काय बघायचं ते मला आठवेना. सहाला मी बिल्ला टेबलावर काढून ठेवला आणि रिक्षा करून पुरानी बस्तीला गेले. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते. बाई, मी घाबरले होते. बाई, मी खोटं नाही लिहिलं, पण खरंही नाही. हिंदीतून बरं वाटेल की मराठीतून, हेही ठरत नव्हतं.

देवळामागच्या गल्लीत त्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही, कारण कालवा लांबूनच ऐकू येत होता. लहानसं अंगण आणि त्यात नऊ मुलं. दोन सख्खे भाऊ एका दोरीसाठी मारामारी करत होते, त्यांची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. एक मुलगा ट्रॅफिक हवालदाराचा, आणि दोघी भाजीवालीच्या असाव्यात. सौम्या ओट्यावर गणितं सोडवत होती. तिनं मला पाहून हात हलवला आणि परत वहीत डोकं घातलं. बाई स्टुलावर बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “बाई, मी—”

“बरं झालं आली,” त्या उठत म्हणाल्या. “लाल भाजी संपून जाईन, मी घेऊन येतो. त्या दोघाइकडे ध्यान ठेव. आणि त्या पोट्टीनं दुपारपासून पाणी नाही प्यायलं.”

“बाई, एक मिनिट—”

त्या पिशवी घेऊन गेल्याही होत्या.

भाजीबाजार तिथून पाच मिनिटांवर होता. बाई दीड तासानं आल्या. दरम्यान त्या दोन भावांनी दोरी तोडली आणि एकेक तुकडा घेऊन नव्यानं भांडले. हवालदाराच्या मुलाला उलटी झाली, ती मी धुतली. पाणी न पिणाऱ्या मुलीला मी तीनदा पेला दिला, तिनं तो तीनदा कुंडीत ओतला. चौथ्यांदा मी काही न बोलता शेजारी बसून स्वतःच पाणी प्यायले, तेव्हा तिनं माझ्या हातातला पेला ओढून घेतला. सौम्याचं एक गणित चुकलं होतं. ते मी सांगितल्यावर तिनं वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “आप करके दिखाओ.” माझंही चुकलं.

बाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली, अंगणभर नजर फिरवली आणि त्या मुलीच्या ओल्या हनुवटीवर ती क्षणभर थांबली. मी पुन्हा तोंड उघडलं.

“जा आता,” बाई म्हणाल्या. “माय वाट पाहून राहिली असन तुही. उद्या तीनले ये, दोनले नको. दोनले मी जेवतो.”

घरी आई दारातच होती. “इतका वेळ कुठी होती?”

“बाईंकडे. माफी मागाले गेली होती.”

“मंग? मागितली?”

“नाही,” मी म्हटलं. “टाइमच नाही भेटला.”

दुसऱ्या दिवशी केंद्राऐवजी तीनला मी तिकडेच गेले. त्यानंतर सहा वर्षं रोज जात होते. त्या सहा वर्षांतही टाइम भेटला नाही.